रेतीवरची अंडी: फेब्रुवारी ते जून नदीकाठ आणि तलावकाठ कसा राखायचा?

वैनगंगाकाठ | ११ जानेवारी, रात्री ९:१०

वैनगंगा, वर्धा, पैनगंगा, प्राणहिता, सगळीकडे पाणी उतरू लागलंय आणि रेतीची बेटं उघडी पडताहेत. पुढचे चार-साडेचार महिने या रेतीवर आणि तलावांच्या उघड्या गाळावर, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची वीण चालेल. दरवर्षी मे महिन्यात "अंडी तुडवली गेली, आता काय करू" असे निरोप फिरतात. तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून धागा आताच काढतोय.

कोण कुठे, ते आधी. छोटी पाणभिंगरी (काही जण लहान आर्ली म्हणतात) बारीक रेतीवर वस्ती करून बसते, फेब्रुवारीअखेरपासून. नदी सुरयही वस्तीनेच, मार्च ते मे, दोन-तीन अंडी, बहुधा चहूबाजूंनी पाणी असलेल्या बेटावर. नदी टिटवी आणि मोठा करवानक रेती-गोट्यांच्या पात्रात, जोडीजोडीने, लांब लांब. छोटा कंठेरी चिखल्या काठावरच्या बारीक खड्यांत. लाल गालाची टिटवी कुठेही: गाळपेरात (तलावाच्या उघड्या गाळावरच्या पिकात), पाळीच्या कडेला, मुरमात. शेकाट्या तलावाच्या उथळ कडेला चिखलाच्या उंचवट्यावर, तो जरा उशिरा.

घरटं म्हणजे नुसती खळगी. अंड्याचा रंग रेतीचाच. म्हणून "बघून चालू" हा उपाय नाही, तिथे चालायचंच नाही हा उपाय.

आता मुद्द्याचं. अंडी फक्त पाय पडूनच जातात असं नाही. ती भाजूनही मरतात. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, तेव्हा दुपारी रेतीचा वरचा थर ५५-६० अंशांपर्यंत तापतो. अंड्यातल्या जिवाला ३६ ते ३८ अंश मानवतात, ४१-४२ च्या वर तो फार वेळ टिकत नाही. म्हणजे दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. सुरय, टिटवी, चिखल्या पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात ती त्यासाठीच. दुपारी बारा ते चार या वेळात माणूस वस्तीजवळ दहा-पंधरा मिनिटं नुसता उभा राहिला, कशाला हातही लावला नाही, तरी आख्खी वस्ती जाऊ शकते. वर पक्षी उडाला की कावळ्याला अंडी उघडी सापडतात, ते वेगळंच.

अंतर: एकट्या जोडीपासून (टिटवी, चिखल्या) किमान ५० मीटर, सुरय-पाणभिंगरीच्या वस्तीपासून १०० मीटर. सुरय डोक्यावर झेपावू लागला, पाणभिंगरी पंख मोडल्यासारखी जमिनीवर लोळू लागली, टिटवीने ओरडून रान उठवलं, तर तुम्ही केव्हाच आत आलेले आहात. आल्या पावलांच्या ठशांवरूनच मागे फिरा. दुसऱ्या वाटेने फिरलात तर तिथली अंडी तुडवाल.

कुंपणासाठी आमच्याकडची रीत: बांबू आणि सुतळी. वस्तीचा पसारा ४० × २० मीटर धरला आणि चहूकडून ५० मीटर सोडले, तर १४० × १२० मीटरचा चौकोन होतो. घेर ५२० मीटर. दर ८ मीटरला एक बांबू म्हणजे ६५ बांबू, आणि गाठी-ताण धरून पावणेसहाशे मीटर सुतळी. बांबू ५ फुटी, दीड फूट रेतीत. भोवती पाणी ओतून पायाने दाबायचं, नाहीतर वाऱ्याने आठवड्यात कलतो. सुतळी अडीच फुटांवर. पक्षी जोड्या करून जमिनीवर उतरू लागले पण अंडी नाहीत, तेवढ्या दहा-बारा दिवसांत हे काम उरकायचं.

पाणभिंगरी | ११ जानेवारी, रात्री १०:०२

चांगलं लिहिलंत भाऊ, पण तीन गोष्टी जोडते.

एक, तुमचे ६५ बांबू म्हणजे कावळ्यांना बसायला ६५ जागा. उघड्या रेतीवर कावळ्याला टेहळणीसाठी उंच काहीच मिळत नाही, ती सोय आपण करून देतो. बांबूचं टोक तिरपं छाटा आणि त्यात तीन इंची खिळा उभा ठोका. कुंपण ५० मीटरच्या आत कधीच नको, ते यासाठीही.

दोन, चारही बाजू बांधायची गरज नसते. नदीकडची बाजू मोकळी सोडा. बेट असेल तर डोंगा जिथे लागतो तेवढीच ३०-४० मीटरची कड बांधायची. बेटावर साहित्य दहाव्या हिश्शाहूनही कमी लागतं आणि वस्तीजवळ काम करण्याचा वेळही घटतो.

तीन, अंडी घातल्यावर वस्ती सापडली तर? तेव्हाही बांधता येतं, पण सकाळी साडेसहा ते साडेआठमध्येच, २० मिनिटं काम आणि मग २०० मीटर मागे जाऊन थांबायचं. दहा मिनिटांत पक्षी परत बसले नाहीत तर त्या दिवशीचं काम तिथेच बंद. ढगाळ, वाऱ्याच्या किंवा अवकाळीच्या दिवशी हात लावायचा नाही.

आणि मोठ्या करवानकाबद्दल. तो ओरडत नाही, झेपावत नाही. शंभर मीटरवरूनच मान खाली घालून चालत निघून जातो. "पक्षी तर दिसलाच नाही, त्रास कुठला" असं वाटतं, आणि अंडी उन्हात पडलेली असतात. गोट्यांच्या पात्रात पक्षी दिसत नसेल तरी दुपारी फिरू नये.

डोंगेकरी | १२ जानेवारी, सकाळी ६:४०

बांबू-सुतळीचं ठीक आहे जी, पण ज्याइचा रोजचा राबता त्या रेतीवर आहे त्याइले कोण विचारनार? मासे धरनारे ढिवर, डांगरवाडीवाले, ढोरं चारनारे गायकी, रेतीवाले. सुतळी पाहून पर्यटक थांबते, म्हैस नाही थांबत.

डांगरवाडीचं घ्या. टरबुजाच्या वाड्या डिसेंबर-जानेवारीत लागतात, म्हणजे पक्ष्याच्या आधी. वाडी कुठे आहे हे पक्ष्याले दिसते, तो तिथून लांबच बसतो. वाडीनं अडत नाही. अडते ते वाडीवरच्या कुत्र्यानं, आणि फुटक्या, सडक्या टरबुजांनं. ते पात्रात फेकले का कावळे, कोल्हे, गावचे कुत्रे तिथेच मुक्कामाले. खड्डा दोन फूट खोदून पुरा, नाही तं काठावर आणून ढोराइले टाका. कुत्रा मार्च ते मे बांधून ठेवा. बस, येवढंच सांगा वाडीवाल्याले, तो ऐकते. "वाडी काढ" म्हनाल तं तुमचे बांबू रात्री चुलीत जातीन.

मासे साफ करायची जागा बी तशीच. आतडी-खवले वस्तीच्या बेटावर टाकायचे नाही, जुनं जाळं रेतीत सोडून यायचं नाही. पिल्लू अडकलं का सुटत नाही.

सातबारा | १२ जानेवारी, दुपारी १:२५

कायद्याचं आणि कागदाचं.

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२, कलम २(१६). यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. पक्षी मारावाच लागतो असं नाही. हे फार जणांना माहीत नसतं, कधी कधी तक्रार घेणाऱ्यालाही नसतं. तेव्हा अर्जात कलम लिहा. तातडीला वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे.

पण तक्रार हा शेवटचा कागद झाला. पहिला कागद ग्रामसभेचा. २६ जानेवारीची ग्रामसभा दोन आठवड्यांवर आहे आणि पुढची १ मेला, तेव्हा निम्मी वीण आटोपलेली असते. ठराव मोघम नको. "पक्ष्यांचे संरक्षण करण्यात यावे" या वाक्याने काहीच होत नाही. ठरावात हे यावं: घाटाचं नाव आणि गट क्रमांक, फेब्रुवारी ते १५ जून ही मुदत, दुपारी ११ ते ५ त्या पट्ट्यात उतरणं बंद, गाडी पात्रात नेणं पूर्ण बंद, आणि देखरेख कोणाकडे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. कागदावर बहुतेक ठिकाणी आहे. देखरेख तिच्या नावावर टाका आणि वस्तीची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करून घ्या. रेतीघाटाच्या (रेती उपसायला दिल्या जाणाऱ्या पट्ट्याच्या) लिलावाच्या वेळी हीच नोंद कामी येते.

वैनगंगाकाठ | १२ जानेवारी, रात्री ८:३०

डोंगेकरी भाऊ, मान्य. सुतळी फक्त परक्या माणसासाठी असते, हे मी लिहायला हवं होतं.

सातबारा, रेतीघाटाचं जरा सविस्तर सांगा. पावसाळ्यात उपसा बंद म्हणजे पक्ष्यांचं भागलं असा अनेकांचा समज आहे. उपशाचा खरा जोर फेब्रुवारी ते मे, नेमका विणीचा.

सातबारा | १२ जानेवारी, रात्री ९:१५

लिलाव झाल्यावर बोलून उपयोग कमी. त्याआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल होतो, कुठल्या घाटात किती रेती आहे त्याचा. त्याचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो. हरकत तिथे घ्यायची. "पक्षी आहेत" असं न लिहिता घाटाचं नाव, अक्षांश-रेखांश, वस्तीचा पसारा मीटरमध्ये, जोड्यांची संख्या, पाहिल्याच्या तारखा आणि लांबून काढलेला फोटो. एकाच वर्षाची नोंद असेल तर "योगायोग" म्हणून बाजूला पडते, लागोपाठ दोन-तीन वर्षांची असेल तर उत्तर द्यावं लागतं. म्हणजे यंदाची नोंद पुढच्या लिलावासाठी.

मागणीही पूर्ण घाट बंद करण्याची नको. घाटातला वस्तीचा तुकडा आणि भोवतीचे १०० मीटर वगळा, आणि टिप्परची वाट दुसऱ्या टोकाने द्या. टिप्परची वाट हाच मोठा घोळ असतो. खड्डा एका जागी, पण गाड्या पात्रभर फिरतात.

तुराटी | १३ जानेवारी, सकाळी ११:०५

सगळे नदीवर बोलताय. तलावांचं काय? भंडारा-गोंदियातले मामा (माजी मालगुजारी) तलाव, अमरावती-अकोल्यातले पाझर तलाव, सगळीकडे एप्रिल-मेमध्ये जेसीबी उतरतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' २०१७ पासून आहे, आणि गाळ कोरडा तेव्हाच असतो, त्यामुळे वेळ बदला म्हणून फायदा नाही.

बदलता येतो तो क्रम. टिटवी आणि कंठेरी चिखल्याला नुकती खरवडलेली सपाट, उघडी जमीन फार आवडते. काम एकदा सुरू होऊन सलग चाललं तर पक्षी तिथे बसतच नाहीत, तलावाची दुसरी कड धरतात. घात होतो तो थांबून थांबून केलेल्या कामात. चार दिवस खोदायचं, डिझेलच्या बिलावरून तीन आठवडे बंद, तेवढ्यात टिटवीने सैल ढिगाऱ्यावर चार अंडी घातली, मग जेसीबी परत. म्हणून काम करणाऱ्या संस्थेला आणि सरपंचांना आधीच सांगायचं की खोदाई एका टोकाने सुरू करून रांगेत सरकवा, आणि मध्ये दहा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा सुरू करण्याआधी सकाळी एक फेरी मारून पाहा. घरटं निघालं तर भोवती २५-३० मीटर सोडून पुढे जा. टिटवी २८ दिवसांच्या आसपास बसते आणि पिल्लं निघाली की दिवसभरात जागा सोडतात. तेवढा तुकडा सर्वात शेवटी खोदला तर कोणाचंच काही अडत नाही.

गाळपेराचंही तेच. नांगरताना टिटवी चाकापुढे उभी राहून ओरडते, पण ट्रॅक्टरवाल्याला अंडी दिसत नाहीत. नांगराच्या तासाच्या ओळीत घरट्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरवर एकेक तुराटी रोवायची, त्याला तेवढी खूण पुरते. जमीन जाते ती ओळीभोवतीची, काही फुटांची. शेतकरी नाही म्हणत नाहीत. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस दणकून, हा अंदाज आपल्याकडे अजून बांधतात. त्यामुळे अंड्यांकडे लक्ष असतंच, फक्त मोजायला जवळ जाऊ नका म्हणून सांगावं लागतं.

शेकाट्या | १३ जानेवारी, रात्री ७:५०

धरणाखालच्या पात्रात आणखी एक घात असतो, पाणी सोडणं. उन्हाळी धानाची पाणीपाळी, खालच्या शहराचं पिण्याचं पाणी, औष्णिक केंद्राची मागणी, काही ना काही कारणाने एप्रिल-मेमध्ये पात्रात पाणी येतं आणि सखल बेट रात्रीतून बुडतं. पाटबंधारे शाखेला "पाणी सोडू नका" असा अर्ज देणं व्यर्थ. त्यांना आकडा द्या.

आकडा काढायचा असा. काठावर, वस्तीपासून लांब, पाण्यात एक खांब रोवा आणि दर १० सेंटीमीटरला रंगाची रेघ मारा. सर्वात खालचं घरटं पाण्यापेक्षा किती उंच आहे ते गवंड्याच्या पाणीनळीने, म्हणजे लेव्हल पाइपने काढता येतं, पण त्यासाठी घरट्यापर्यंत जावं लागतं. म्हणून हे मोजमाप अंडी घालण्याआधी बेटाचं करून ठेवायचं: कडेची, मधली आणि माथ्याची उंची. नंतर दुर्बिणीतून घरटी बेटाच्या कुठल्या भागात आहेत एवढं पाहिलं की पुरे. मग शाखा अभियंत्याला लिहायचं: "अमुक बेटावरील घरटी आजच्या पातळीपेक्षा ३० सेंटीमीटर वर आहेत, अमुक तारखेपर्यंत विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवावा, दोन दिवस आधी कळवावे." अशा अर्जावर फोन येतो.

जलाशयात उलटं होतं. पाणी उतरतं आणि बेट काठाला जोडलं जातं. ज्या दिवशी जोडलं त्या रात्री कुत्री आत. जोडणारी पट्टी कुठे उघडी पडणार हे मागच्या मेच्या उपग्रह चित्रावर दिसतं. तेवढ्या पट्टीवर बाभळीच्या काट्यांची आडवी ओळ, चार फूट रुंद, दोन्ही टोकं पाण्यात गेलेली. कुत्र्याला पोहता येतं, कोल्ह्यालाही, त्यामुळे ही पक्की अडवणूक नाही, पण रोजची सोपी वाट मोडते. काटे घरट्याभोवती मात्र लावू नका. त्यात पिल्लं अडकतात, आणि घारीला खूण मिळते.

नवीन सभासद: अंबाडी | १४ जानेवारी, सकाळी ८:१२

घरट्यावर जाळीचा पिंजरा ठेवला तर? परदेशात चिखल्यांसाठी करतात असं पाहिलंय. आणि पिल्लांना सावलीसाठी काही ठेवता येईल का?

पाणभिंगरी | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

पिंजरा नको. सुरय वरून उतरतो, त्याला तो चालतच नाही. चिखल्या आत-बाहेर करतो खरा, पण एकदा कुत्र्याला किंवा मुंगसाला कळलं की पिंजऱ्यात खाणं असतं, तर तो बाहेर दबा धरतो आणि मोठा पक्षीच मारतो. शिवाय लोखंडी जाळी आपल्या काठावर किती दिवस टिकेल तुम्हीच सांगा. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय घरट्याला असं काही लावणं कायद्यातही बसत नाही.

सावलीचं करता येतं. जुनी अर्धगोल कवेलू (छपराची कौलं). दोन्ही टोकं उघडी, आत १० सेंटीमीटर तरी उंची, वरून दोन इंच रेती टाकायची, नाहीतर कवेलू स्वतःच तापून तवा होतं. तोंडं उत्तर-दक्षिण, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आत येत नाही. वस्तीच्या आत नाही, कडेला, आठ-दहा, आणि पक्षी बसायच्या आधी. टिनपत्रा, प्लास्टिक अजिबात नाही.

मानमोडी | १४ जानेवारी, दुपारी ३:४०

आपल्याच लोकांबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी बोलतो. कॅमेरेवाले. टिटवीच्या अंड्यांचा फोटो टाकायचा, खाली गावाचं नाव, आणि पुढच्या रविवारी सहा गाड्या. घरट्याचा फोटो आता अनेक स्पर्धाही घेत नाहीत, मग काढता कशाला? ड्रोन तर वस्तीवर नेऊच नये, सुरय त्याला घार समजून सगळेच्या सगळे उठतात. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद टाकायची तर विणीनंतर, जुलैमध्ये टाका, किंवा ठिकाण तालुक्यापुरतं मोघम ठेवा. मोजणीसुद्धा आठवड्यात एकदा, १५० मीटरवरून, स्पॉटिंग स्कोपने. बसलेले पक्षी मोजा, अंडी नाही. "पिल्लं निघाली का" बघायला रोज जाणारा पक्षीमित्र गुराख्यापेक्षा महाग पडतो.

वैनगंगाकाठ | १४ जानेवारी, रात्री ९:००

झोंबलं, पण बरोबर आहे.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, गर्दीचे दिवस ध्यानात ठेवा. महाशिवरात्रीला १५ फेब्रुवारीच्या आसपास गडचिरोलीतल्या मार्कंड्याला आणि नदीकाठच्या इतर देवस्थानांना पात्रात जत्रा उतरते. तेव्हा वीण नुकती सुरू होत असते, पक्षी जागा बदलू शकतात, फार बिघडत नाही. अवघड आहे तो धोंड्याचा महिना. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, नदीस्नानाला रोज माणसं, आणि सुरयांची उशिराची पिल्लं तेव्हा रेतीवर धावत असतात. स्नानाचा घाट आणि वस्ती यांत ३०० मीटर तरी असतील तिथे काळजी नाही. कमी असेल तिथे ग्रामपंचायतीला सांगून स्नानाची जागा वरच्या अंगाला आखून घ्या, आणि घंटागाडीच्या भोंग्यावर सकाळी एक सूचना. फलकावर "येथे पक्ष्यांची अंडी आहेत" असं लिहू नका, पोरं शोधायला जातात. "पुढे रेती खचते, जाऊ नये" असंही नको, खोटं दोन दिवसांत उघडं पडतं. "स्नानाचा घाट →" एवढा बाण पुरतो.

डोंगेकरी | १५ जानेवारी, सकाळी ६:२०

बाणाचं बेस आहे. येक राह्यलं. सुतळीच घ्या, नायलॉन नको. पहिल्या पुरात बांबू वाहून जाते आन् नायलॉन आमच्या जाळ्यात येते. पिल्लं उडाले का बांबू उपटून काठावर आना. ज्याच्या वाडीजवळ लावले त्याले मांडवाले देऊन टाका, पुढच्या साली तोच तुमच्यासाठी रोवून ठेवते.